शांतता घेताना

१

आईच्या कामाची सुरुवात शांततेपासून व्हायची.

आई पुस्तकं वाचायची, पण स्वतःसाठी नाही. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी एक वाचनालय होतं. त्यांना ती पुस्तकं मोठ्याने वाचून, रेकॉर्ड करून द्यायची. इतिहास, कायदा, कथा, एकदा तर मधमाश्या पाळण्यावरचं अख्खं पुस्तक. स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती. तिथली अडगळ माळ्यावर गेली, भिंतींना जुन्या गाद्या आणि रजया टांगल्या गेल्या, आणि मध्ये एक खुर्ची, एक टेबल आणि एक माइक आला. कॉम्प्युटर मात्र बाहेरच्या खोलीत ठेवला होता, कारण त्याचा पंखा म्हाताऱ्या मांजरासारखा घुरघुरायचा. भिंतीला भोक पाडून वायर आत नेली होती. खोलीच्या दाराला आतून कडी होती. ती लावली नाही तर दार आपणहून इंचभर उघडायचं आणि फ्रिजचा आवाज आत शिरायचा.

वाचण्याआधी शांतता घ्यावी लागे. घरात याला असंच म्हणत, जसं कुणी माप घेतं किंवा रक्त घेतं. माइक सुरू करायचा आणि थोडा वेळ कुणी काही बोलायचं नाही. खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो. दिव्याची गुणगुण, भिंतीपलीकडचा नळ, लांबचा रस्ता. तो ऐकून कॉम्प्युटरमधला प्रोग्राम शिकतो की काय काढून टाकायचं आहे. मग आईच्या वाचनातून तो तेवढंच नेमकं वजा करतो आणि मागे उरतो तो आईचा आवाज, धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखा स्वच्छ.

अट एकच होती. खुर्ची रिकामी ठेवून चालत नसे. माणूस बसलं की खोलीचा आवाज बदलतो, असं वाचनालयाच्या बाई पहिल्याच दिवशी सांगून गेल्या होत्या. "माणूस हवं," त्या म्हणाल्या होत्या, "पण ते असून नसल्यासारखं हवं."

आता आई गप्प बसायची, पण तिचं शरीर काही गप्प बसत नसे. बांगड्या वाजत, खुर्ची कुरकुरे. "मी तोंड मिटलं की माझं पोट बोलायला लागतं," ती म्हणायची. शिवाय नेमकं त्याच वेळी गॅसवर काहीतरी उतू जायच्या बेतात असे. म्हणून शांतता द्यायला धाकटी बसू लागली.

धाकटी पंधरा वर्षांची होती. घरात तिला पोपट म्हणत, कारण ती बोलायचीच नाही. हे नाव दादाने ठेवलं होतं. पाहुणे विचारत, "का गं, पोपट का म्हणतात तुला?" तर ती नुसती हसे, आणि मग पाहुण्यांना आपोआप कळे.

पोपट खुर्चीत बसली की गाद्यांमधली आणखी एक गादी होऊन जाई. तिचा श्वाससुद्धा चपला हातात घेऊन आत-बाहेर करायचा. तिने दिलेली एक शांतता इतकी सुरेख निघाली, की आईने ठरवलं, आता दर वेळी नवी घ्यायला नको, सगळ्या पुस्तकांना हीच वापरायची.

"हिच्यासारखी शांतता बाजारात मिळणार नाही," आई वाचनालयाच्या बाईंना फोनवर म्हणाली.

पोपट दाराआडून ऐकत होती. गप्प बसण्याबद्दल आपलं कुणी कौतुक करेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

२

उन्हाळी सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा ते घडलं. म्हणजे तेव्हा पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं.

वर्गात बाई हजेरी घेत होत्या. पोपटचा नंबर आला तशी ती उठली आणि म्हणाली, "हजर, बाई." बाईंनी वर न बघता पुन्हा नंबर पुकारला. ती पुन्हा म्हणाली. बाईंनी पेन टेकवलं आणि पुढचा नंबर घेतला. शेजारच्या बाकावरची मुलगी तिच्याकडे बघून म्हणाली, "अगं, बोल की. तोंडाला कुलूप लावलंय का?"

पोपट खाली बसली. तिने स्वतःची समजूत घातली. आपला आवाज लहान आहे, वर्ग मोठा आहे, वरती पंखे फिरतायत. यात नवीन काय आहे? लहानपणापासून लोक तिला "काय? काय म्हणालीस?" असंच विचारत आले होते.

तरीही एक गोष्ट तिला टोचत राहिली. नेहमी लोक "काय?" म्हणायचे. आज बाई "काय?" म्हणाल्या नव्हत्या.

बाबा दुसऱ्या शहरात नोकरीला होते आणि रविवारी फोन करायचे. त्या रविवारी दादाने फोन तिच्या हातात दिला. "हॅलो बाबा," ती म्हणाली. पलीकडून बाबांचा श्वास ऐकू येत होता, मागे कुठे तरी टीव्ही चालू होता.

"हॅलो? पोपट? आहेस का?"

"आहे ना. बाबा, माझी चित्रकलेची परीक्षा..."

"हॅलो? हॅलो? कट झाला वाटतं," बाबा कुणाला तरी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"रेंज नव्हती," ती म्हणाली. दादाने मान हलवली. त्याला ऐकू गेलं होतं. तेव्हा तरी गेलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रा होता. सगळ्यांच्या पायात यायचा, पोस्टमनवर तर दात विचकून भुंकायचा. त्या आठवड्यात पोपट रोज त्याच्या अंगावरून गेल्यासारखी जात होती आणि तो झोपेत कानही हलवत नव्हता. ती मुद्दाम पाय आपटत गेली. सिमेंटच्या रस्त्यावर तिच्या बुटांचा आवाज तिला छान ऐकू आला. कुत्र्याला आला नाही.

कुत्रा म्हातारा झालाय, तिने मनाशी म्हटलं.

३

कॉम्प्युटरची जागा संपली. आई एक जाडजूड पुस्तक वाचत होती, वकिलीच्या परीक्षेचं. प्रकरण साठवायला गेली तर पडद्यावर सूचना आली की आता जागा नाही.

"शक्यच नाही," दादा म्हणाला. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता आणि घरातल्या सगळ्या यंत्रांचा स्वतःला मालक समजायचा. "तुझी सगळी पुस्तकं मिळून अर्धीसुद्धा डिस्क भरत नाही. बाकीचं काय आहे?"

बाकीचं काय आहे ते दिसत नव्हतं. म्हणून दुरुस्तीवाले काका आले. जाडजूड, घामट, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर असलेले. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं, आणि ज्या जागी इतके दिवस काहीच नव्हतं तिथे फोल्डर उगवले. बाकीचे फोल्डर पिवळे धमक होते, हे मात्र फिकट. पुष्कळ वेळा धुतलेल्या कपड्यासारखे.

"हे कुठून आले?" आई म्हणाली.

"आले कुठून नाहीत, वहिनी. होतेच. लपवलेले होते."

"माझ्याच कॉम्प्युटरमध्ये माझ्यापासून लपवलेले?"

"तुमच्या भल्यासाठी. घराखालून गटार जातं ना? तुम्ही रोज झाकण उघडून बघता का?"

"बघत नाही," दादा म्हणाला, "पण झाकण कुठे आहे ते माहीत असतं. माझ्या मते सगळ्यांना सगळं दिसायला हवं. ज्याचं घर त्याला त्याच्या घरातली खोली दाखवायची नाही, हा कुठला न्याय?"

"दाखवली की तुमच्यासारखे आत जातात, आणि कुठला तरी खांब काढून आणतात. म्हणतात, हा रिकामाच उभा होता. मग छप्पर आलं खाली की मला फोन. पोट माझं त्याच्यावर चालतं, माझी तक्रार नाही. पण खरं सांगतो, जे लपवलंय ते बघू नये. आणि बघितलंच तर हात लावू नये."

एका फिकट फोल्डरवर त्यांचा बाण थांबला. नाव म्हणून नुसती अक्षरं आणि आकडे होते, कुणी डोळे मिटून बोटं फिरवल्यासारखे. अर्धीअधिक डिस्क त्या एकाने खाल्ली होती.

"तुमच्या आवाज साफ करायच्या प्रोग्रामचा आहे," काका म्हणाले. "वाचनातून जे काढून टाकतो ते इथे साठवतो. खरं म्हणजे टाकूनच द्यायला हवं. म्हणजे केराची टोपली आहे, पण कुणी ओतलेलीच नाही."

"मग ओता," आई म्हणाली.

"आत्ता नको. कंपनीला विचारतो आणि रविवारी येऊन रिकामी करतो. तोवर याला लपवून ठेवतो."

पोपट दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "काका, एवढा कचरा कशाचा?" कुणी उत्तर दिलं नाही. काकांनी पुन्हा क्लिक केलं, फिकट फोल्डर नाहीसे झाले, आणि पडदा आधीसारखाच भाबडा दिसायला लागला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी पोपट शाळेतून आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. आई वाचनालयात गेली होती, दादा कॉलेजात. काकांनी कुठे क्लिक केलं ते पोपटने नीट पाहून ठेवलं होतं. न बोलणाऱ्याचे डोळे रिकामे नसतात.

फोल्डर उगवला. आत फायलींची लांबच लांब रांग होती. तिने आईचे हेडफोन कानांवर चढवले आणि पहिली फाइल लावली.

दिव्याची गुणगुण. पलीकडचा नळ. लांबून एक ट्रक. आईचा आवाज सोडून खोलीतलं सगळं. आणि या सगळ्याच्या वर, अगदी जवळ, कुणाचा तरी श्वास. येतोय, जातोय.

ती हसलीच. तिचाच होता. शांतता देताना खुर्चीत तीच तर बसली होती. प्रोग्रामने दिवा आणि नळ जसे शिकून घेतले, तसा तिचा श्वासही घेतला असणार. सरळ हिशेब होता.

पण ही फाइल शांततेची नव्हती. ही आईच्या वाचनातून काढलेली होती. फाइलीवर वेळ होती, आणि त्या वेळी पोपट खोलीत नव्हती, शाळेत होती.

तिने पुढची लावली. श्वास, नळ, श्वास. मग तिच्या स्वतःच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "आई, माझा डबा भरलास का?"

हे तिने विचारलं होतं. परवा सकाळी, स्वयंपाकघरात. आईने उत्तर दिलं नव्हतं. माइक चुकून चालू राहिला असेल, तिने ठरवलं. दार उघडं असेल. पण स्वयंपाकघरातलं वाक्य असेल तर कुकरची शिट्टी कुठे होती? भांडी कुठे होती? ते वाक्य गाद्यांनी मढवलेल्या खोलीतून आलं होतं. मऊ, कोरडं, कुठल्याच भिंतीला न लागलेलं.

ती पुढे पुढे जात राहिली.

"हजर, बाई."

पुन्हा, थोडं मोठ्याने, "हजर, बाई."

"आहे ना. बाबा, माझी चित्रकलेची परीक्षा..."

शाळा तीन चौक पलीकडे होती. तिथवर कुठला माइक पोचतो? पोपटने हेडफोनची वायर हाताने चाचपली, उगाचच, जणू ती कुठवर गेली आहे ते बघायला. वायर कॉम्प्युटरमध्येच संपत होती.

शेवटची फाइल आजच्या तारखेची होती. आई आज काहीच वाचायला बसली नव्हती. पोपटने ती लावली आणि बराच वेळ फक्त श्वास ऐकला. हळूहळू तिला जाणवलं की तिचा स्वतःचा श्वास अडकलाय, आणि कानातला मात्र चालूच आहे.

मग तिच्या आवाजात, अगदी हळू, आतून कुणीतरी विचारलं, "कोण ऐकतंय?"

हे वाक्य पोपटने कधीच उच्चारलं नव्हतं.

तिने उत्तर दिलं नाही. हेडफोन इतक्या हळूच काढून ठेवले की टेबलालाही कळलं नसेल.

५

दादाने तिला लहानपणी शिकवलं होतं, की कॉम्प्युटरमध्ये एखादी गोष्ट दुसरीकडे न्यायचे दोन प्रकार असतात. कॉपी केली तर ती दोन्हीकडे राहते. कट केली तर पहिल्या जागी राहत नाही, फक्त नव्या जागी असते. आणि मग ती नवी जागाच कुणी रिकामी केली तर? "तर गेली," दादा म्हणाला होता. "मग रडायचं नाही."

रात्री जेवताना ती म्हणाली, "मीठ देता का?" दादा आईला मॅचचं काहीतरी सांगत होता. ती पुन्हा म्हणाली. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा घरात ओरडून सांगितलं, "मला मीठ द्या."

आईने मान वर केली. पण पोपटकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं, जसं बाहेर कुठे तरी लांब कुणी मूल हाका मारतंय का याचा कानोसा घेतात. मग ती पुन्हा जेवू लागली.

पोपटने उठून स्वतःच मीठ घेतलं.

सगळ्यात भयंकर हे होतं, की कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. तिच्याकडे बघून आई हसत होती, तिच्या केसांवरून हात फिरवत होती, ताटात वाढत होती. "अलीकडे जरा जास्तच गप्प झालीय," आई दादाला म्हणाली. "वयच तसं असतं."

जेवणं झाल्यावर तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, 'त्या फोल्डरमध्ये माझा आवाज जातोय. काकांना रिकामा करू देऊ नका. ऐकून बघा.' आणि ते दादासमोर धरलं.

"गोष्ट लिहितेयस?" दादा म्हणाला. पण तिचा चेहरा पाहून उठला. हेडफोन लावले. तिने त्याला तीच फाइल लावून दिली, 'हजर, बाई' असलेली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हेडफोनमधून बाहेर झिरपणारा तिचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता.

"दिवा आहे," दादा म्हणाला. "पाणी पडतंय. बाकी काही नाही गं यात."

तिने आवाज वाढवला.

"अगं, कान फुटतील. गुणगुण आहे नुसती. आई, तू ऐक."

आईने पदराला हात पुसत ऐकलं. डोळे मिटून, मन लावून, जशी ती कामाचं ऐकायची. "काहीच नाही," ती म्हणाली. मग हेडफोन काढून तिने पोपटला जवळ ओढलं. "काय झालंय तुला? शाळेत कुणी काही बोललं का? मला सांग ना. नुसतं सांग, मी ऐकतेय."

आईचे डोळे खरोखर ऐकत होते. पोपटने सांगितलं. सगळं सांगितलं. हजेरी, बाबांचा फोन, कुत्रा, ती फाइल. इतकं सलग ती जन्मात बोलली नव्हती. आई तिच्या तोंडाकडे बघत, मधून मधून तिची बट कानामागे सारत, वाट पाहत होती. शेवटी ती म्हणाली, "बरं. नको सांगूस आत्ता. वाटेल तेव्हा सांग."

दादाने कॉम्प्युटर बंद केला होता. तरी त्याचा पंखा थोडा वेळ फिरला आणि थांबला.

६

रविवारी सकाळी दुरुस्तीवाले काका आले, तेव्हा पोपट कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसून होती. उठायचंच नाही असं तिने ठरवलं होतं.

"काय पोपटराव, आज गादीवर तुम्ही?" काका म्हणाले. मग बाजूचं स्टूल ओढून बसले. "बस, बस. आज रिकामं करायचं नाहीच आहे. कंपनीशी बोलणं झालं. ते म्हणतात, चूक तुमच्या शांततेत आहे."

"आमच्या शांततेत?" आई दुखावल्यासारखी म्हणाली.

"ज्याचा आवाज, त्याचीच शांतता लागते म्हणे. वाचणार तुम्ही आणि बसवलीत हिला. त्या बिचाऱ्या प्रोग्रामला कळेना काय ठेवायचं नि काय काढायचं. म्हणून तो दिसेल ते साठवत सुटला. तुम्ही नवी शांतता द्या. जुनी बदलली की साठवलेलं ज्याचं त्याच्या जागी परत जातं. फोल्डर आपोआप मोकळा. हात लावायलाच नको."

"बघा," दादा म्हणाला. "लपवलेलं उघडून बघितलं म्हणून तर कळलं."

"उघडून बघितलं म्हणून तुझ्या बहिणीची झोप उडाली. तोंड बघ तिचं."

पण पोपटचं तोंड त्या क्षणी उजळलं होतं. ज्याचं त्याच्या जागी परत. कित्येक दिवस छातीवर बसलेला दगड हलला. पुन्हा लोक तिला "काय? काय म्हणालीस?" विचारतील. ती आनंदाने दहा वेळा सांगेल.

आईने बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. घोटभर पाणी प्यायली. "आज पोटाला ताकीद दिलीय," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीकडे निघाली.

आईच्या उघड्या मनगटांकडे बघता बघता पोपटच्या डोक्यात तो विचार आला. सावकाश आला, पाण्यात शाई उतरावी तसा. प्रोग्राम शांतता ऐकून शिकतो की काय काढून टाकायचं. आता खुर्चीत आई बसणार होती.

"आई, नको," ती म्हणाली. "आई, तू बसू नकोस. खुर्ची रिकामी ठेव."

आई चालतच होती. पोपटने धावत जाऊन तिचा हात धरला आणि मागे ओढला. आई हसली. "बघा, खुर्ची गेली म्हणून रुसली. अगं, तुझी जागा मला नकोय. एकदाच बसते." तिने हात सोडवून घेतला, पोपटच्या गालावर टिचकी मारली आणि दार लावलं. आतून कडी सरकली.

पोपटने इकडेतिकडे पेन शोधलं. मिळालं नाही. तिने दारावर मूठ मारली, मग दोन्ही मुठी. लाकडाचा धाडधाड आवाज तिच्या कानात घुमत होता. दादा भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. काका पडद्याकडे बघत बोट ओठांवर ठेवून बसले होते, कारण आत माइक सुरू झाला होता. पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ सरळ होती. ती इतकी जोरात दार ठोकत होती आणि रेघ केसभरही हलत नव्हती.

"आई, बाहेर ये," ती ओरडत होती. "आई, ऊठ तिथून."

रेघ सरळ. दिवा, नळ, लांबचा रस्ता. आई आज खरंच गप्प बसली होती. बांगडी नाही, खुर्ची नाही, पोट नाही. पोपटला ती दारापलीकडे दिसत असल्यासारखी वाटत होती. गाद्यांच्या मधोमध, हात मांडीवर, असून नसल्यासारखी.

"झाली," काका म्हणाले आणि क्लिक केलं.

"आई!"

काका स्टुलावरून पडता पडता वाचले. दादाच्या हातातला मोबाइल खाली आपटला. दारावरचा पुढचा ठोसा घरभर घुमला, आणि गल्लीत तो कुत्रा जीव खाऊन भुंकू लागला.

"केवढ्याने ओरडतेस," दादा कानावर हात ठेवून म्हणाला. "काय गं, वेड लागलं का?"

"ऐकू आलं?" तिने विचारलं.

"खालच्या मजल्यावर पण आलं असेल."

कडी निघाली. आई दारात उभी राहिली. तिचा चेहरा फुलून आला होता, डोळ्यांत पाणी तरारलं होतं. तिने पोपटचे दोन्ही गाल हातांत धरले.

"बोललीस," आई म्हणाली. "ऐकलं मी. आतपर्यंत आलं मला."

पोपटला ते ऐकू आलं. एक एक शब्द, मऊ, कोरडा, कुठल्याच भिंतीला न लागलेला.

"आई, झाली का नीट?" दादाने विचारलं.

"झाली की," आई म्हणाली.

दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या भुवया प्रश्नासारख्या वर गेलेल्या, तशाच राहिल्या. "आई? नीट झाली का विचारतोय."

"अरे, झाली म्हटलं ना," आई हसत म्हणाली.

दादाने खांदे उडवले आणि वाकून मोबाइल उचलला. काकांनी पडद्यावर तो फिकट फोल्डर उघडला होता. "हे बघा, मोकळा झाला," ते म्हणाले. आणि खरंच ती लांबच लांब रांग गेली होती, पांढरी जागा उरली होती. मग त्या पांढऱ्या जागेत, सगळ्यात वर, एक फाइल आली. तिच्याखाली लगेच आणखी दोन. तिन्ही अगदी छोट्या, आई आत्ता जे बोलली ते बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच.

"या कसल्या?" दादा म्हणाला.

"असतं काहीतरी त्याचं त्याचं," काका म्हणाले. "आता हे पुन्हा लपवून टाकतो. दिसलं की तुम्ही विचारत बसता."

पोपटने त्यांचा हात धरायला हात पुढे केला, तोवर फोल्डर पडद्यावरून गेला होता.

"काका, थांबा," ती म्हणाली. आवाज मोठा आला. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

तिच्या मागे, दारातच उभ्या असलेल्या आईने पदर खोचला आणि विचारलं, "सगळ्यांना चहा ठेवू का?"

कुणी हो म्हणालं नाही. कुणी नको म्हणालं नाही. ते सगळे पोपटकडे बघत होते, ती पुढे काय बोलते याची वाट पाहत.